निंतैति की मुगदैति?

उचगावच्या शिवारात मोटर बंद करणं आणि मोटर बंद ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि ते तास कधी दिवसाचे तर कधी रात्रीचे. मध्यरात्री उठून काठी-बॅटरी घेऊन रानात जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ जोडून ठेवतो. वीज आली की ऑटो थोडा वेळ थांबतो आणि मग मोटर आपली आपण सुरू होते. सोय मोठी आहे. पण मोटर बिघडली, वायर सोलायची झाली, पंप वर काढायचा झाला, की हीच सोय जिवावर उठते. लाल बटण दाबलं, मोटर थांबली, माणूस निर्धास्तपणे वायरीला हात घालतो. तेवढ्यात गेलेली वीज परत येते आणि ऑटो आपलं काम इमानेइतबारे करतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की मालक आत हात घालून बसलाय. म्हणून जाणता माणूस बटणावर भागवत नाही. तो मेन स्विच पाडतो, तिन्ही फ्यूज उपसतो, आणि ते फळीवर न ठेवता खिशात घालून मगच पुढे होतो. फ्यूज खिशात का? तर पलीकडच्या बांधावरून कुणीतरी भला माणूस येऊन, ‘अरे, फ्यूज निघालाय वाटतं’ म्हणत बसवून जाऊ नये म्हणून!

आपल्या दुभाषी घरांत या दोन अवस्थांना दोन सुंदर शब्द आहेत. मोटर नुसती थांबली असेल तर ‘निंतैति’. काम कायमचं आटोपलं असेल तर ‘मुगदैति’. मराठीत थांबलं आणि संपलं. थांबलेलं पुन्हा सुरू होऊ शकतं, संपलेलं नाही. संगणकाच्या जगाला हा साधा फरक आपल्या मूळ यंत्रणेत नीट लिहून ठेवायला २०२२ साल उजाडावं लागलं. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. विषय थोडा आतल्या गोटातला आहे, पण तो शेवटी आपल्या भागातल्या एका डेअरीच्या ओट्यापर्यंत येऊन पोचतो, म्हणून वाचकांनी धीर धरावा.

आधी ‘कर्नेल’ म्हणजे काय ते. बेळगावात कर्नल म्हटलं की कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्री डोळ्यांपुढे येते. हा तो नव्हे. कर्नेल म्हणजे बदामाच्या कवचाआतला गर. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या सगळ्या कार्यक्रमांच्या खाली बसलेला, यंत्राच्या प्रत्येक भागाशी थेट बोलणारा जो गाभा, तो कर्नेल. लिनक्स नावाचा कर्नेल फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केला आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच आहे. म्हणजे लिनक्स आपण कधी पाहिला नाही असं म्हणणाऱ्याच्या खिशातही बहुधा तो असतोच.

या कर्नेलमध्ये टायमर असतात, हजारोंनी. टायमर म्हणजे एक चिठ्ठी: ‘अमुक वेळ झाली की तमुक काम कर.’ कीबोर्डवर तुम्ही ‘क’चं बटण दाबून धरलं की थोड्या वेळानं ककककक अशी रांग लागते ना, ती टायमरची करामत. पहिल्या अक्षरानंतर साधारण २५० मिलिसेकंद वाट बघायची, नंतर दर ३३ मिलिसेकंदांनी एक अक्षर सोडायचं, अशी लिनक्समधली ठरलेली चाल आहे. इंटरनेटवर पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही तर ती पुन्हा पाठवायची, तेही टायमरच सांगतो. गंमत म्हणजे यांतले बहुतेक टायमर वाजायच्या आधीच रद्द होतात, कारण पोच वेळेत येते. म्हणून चिठ्ठी लावणं आणि काढणं दोन्ही झटपट व्हायला हवं.

ते झटपट कसं करायचं याचं उत्तर ज्यांनी दिलं त्यांतले एक गृहस्थ पवईत शिकलेले आहेत. जॉर्ज वर्गीस १९८१ मध्ये आयआयटी मुंबईतून बीटेक झाले आणि पुढे अमेरिकेत गेले. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत असताना त्यांनी आणि टोनी लॉक यांनी १९८७ मध्ये टायमरच्या चाकावर एक निबंध सादर केला. कल्पना घड्याळासारखीच आहे. एका चाकाला खण पाडायचे, प्रत्येक खण म्हणजे वेळेचा एक तुकडा. चिठ्ठी ज्या वेळेची त्या खणात टाकायची. काटा पुढे सरकेल तसा त्या त्या खणातला गठ्ठा उचलायचा. लांबच्या वेळांसाठी आणखी मोठी, सावकाश फिरणारी चाकं. सगळ्या चिठ्ठ्या वेळेनुसार लावत बसायला नको. लिनक्समध्ये आजही चाकच आहे. २०१६ मध्ये त्याची नव्यानं बांधणी झाली, एकेका थराला ६४ खण आहेत. पवईच्या विद्यार्थ्यानं मांडलेली ही गोष्ट आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आवर्जून सांगायला हवी असं मला वाटतं. आमच्या पोरांना परदेशी नावं तोंडपाठ असतात. असो.

आता खरी मेख. चाकाच्या खणात चिठ्ठी नसते, चिठ्ठी कुठं ठेवली आहे त्याचा पत्ता असतो. चिठ्ठी असते ती ज्यानं टायमर लावला त्याच्याच जागेत. समजा तुम्ही यंत्राला एक केबल जोडलीत. ती केबल सांभाळणारा कर्नेलमधला तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, मेमरीत एक खोली भाड्यानं घेतो आणि टायमरची चिठ्ठी त्या खोलीतच भिंतीला टाचतो. केबल उपसली की ड्रायव्हरनं खोली सोडायची, ती कर्नेलला परत करायची. कर्नेल ती लगेच दुसऱ्या कुणाला देतो. मग त्या खोलीत कुणाचं बिऱ्हाड आलंय, भिंतीवर काय रंग दिलाय, कुणास ठाऊक! पण चाकातला पत्ता काढायचा राहून गेला असेल, तर वेळ झाली की कर्नेल त्या पत्त्यावर जातो, भिंतीवर जे दिसेल त्याला चिठ्ठी समजतो आणि तिथं लिहिलंय ते काम करायला धावतो. बहुतेक वेळा सगळं यंत्रच कोसळतं. एखाद्या लबाडानं त्या भिंतीवर मुद्दाम काही लिहून ठेवलं असेल तर त्याहून वाईट: यंत्र त्याच्या सांगण्याप्रमाणे वागतं. चोरट्या कार्यक्रमांचा हा जुना आवडता मार्ग आहे, आणि टायमरची रचना त्यांना सोपी पडू नये म्हणून केस कुक आणि इतरांनी २०१७ मध्ये टायमर मांडण्याची रीतच बदलून घेतली.

तर खोली सोडण्याआधी टायमर काढायचा. सोपं वाटतं, नाही?

आता डेअरीकडे वळतो. गाव आमच्या भागातलंच, नाव सांगत नाही. डेअरीचं नाव नाही, मशीन बनवणाऱ्याचंही नाही. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात. फॅट मशीनमध्ये नमुना जातो, वजनकाट्यावर लिटर येतात, दोन्ही आकडे केबलमधून एका लहान डबीत जातात आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी त्या आकड्यांवर बिल. त्या डबीत लिनक्स आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ही डबी मध्येच गोठायला लागली. रोज नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा. गोठली की बंद करून चालू करायची, आणि तेवढ्यात दोघा-चौघांच्या नोंदी गायब. दूध कॅनमध्ये ओतलेलं, पावती नाही, फॅट किती लागली ते कुणाला आठवत नाही.

ओट्यावर बसणारा मुलगा कन्नड घरातला, वीस-बावीस वर्षांचा. दूध घालणारे बहुतेक मराठी. पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी कुरकुरले. तिसऱ्या वेळी एकानं सगळ्यांदेखत विचारलं, की मशीन नेमकं गर्दीच्या वेळीच कसं बंद पडतं आणि ते लिटर जातात कुणाच्या खात्यावर? मुलगा ‘ना एनू माडिल्री’ म्हणत राहिला. कंपनीचा माणूस आला, त्यानं डबी उघडून पाहिली, डबीत साठलेली नोंद वाचली आणि सांगितलं की मशीनमध्ये दोष दिसत नाही, हाताळण्यात काहीतरी चूक होते आहे. झालं! हाताळणारा एकच होता. पुढच्या महिन्यात त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. सीमाभागात अशा गोष्टीला भाषेची फोडणी बसायला वेळ लागत नाही हे मी वेगळं सांगायला नको. बसली थोडी.

माझा भाचा बंगळूरला असलेच ड्रायव्हर लिहितो. आई आमची बहीण, वडील गोकाकचे, त्यामुळे राग आला की कन्नडमध्ये बोलतो आणि हिशेब मराठीत करतो. सुट्टीला आला असताना त्याच्या कानावर हे आलं. त्यानं डबीतली नोंद मागवून घेतली. ती मीही पाहिली, अर्थात मला कळली नाही. पण तो म्हणाला, ‘मामा, यात गुन्हेगाराचं नावच नाही. यंत्र टायमरच्या चाकात पडलंय. पण टायमर कुणाचा, ते ज्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तीच चिठ्ठी पुसली गेली आहे.’ कंपनीच्या माणसाला दोष दिसला नाही तो यामुळेच. प्रेत सापडलं होतं चाकापाशी, आणि चाक तर निर्दोष होतं.

भाच्यानं सांगितलेला प्रकार असा. फॅट मशीनच्या केबलचा ड्रायव्हर दर दोन सेकंदांनी टायमर वाजवून घेत होता: नवीन आकडा आलाय का बघ. पण टायमरचं काम हातासरशी उरकायचं असतं, तिथं रेंगाळायला, कुणाची वाट बघायला परवानगी नाही. म्हणून टायमर फक्त मागच्या गड्याला उठवायचा. या गड्याला वर्कक्यू म्हणतात. गडी निवांत मशीनशी बोलून आकडा आणायचा आणि जाता जाता पुढच्या दोन सेकंदांचा टायमर लावून ठेवायचा. टायमर गड्याला उठवतो, गडी टायमर लावतो, असं अखंड रहाट. चालू असेपर्यंत उत्तम.

आता केबल उपसली. ड्रायव्हरनं काय केलं? आधी टायमर काढला, मग गड्याचं काम रद्द केलं, मग खोली सोडली. वाचायला अगदी शहाणपणाचं. पण टायमर काढला त्याच क्षणी गडी जर कामात मध्यावर असेल, तर? त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. ‘काम रद्द करा’ याचा अर्थ चालू काम पुरं होईपर्यंत थांबणं असाच आहे, आणि काम पुरं करताना गडी सवयीनं टायमर लावून मोकळा होतो. मग खोली सोडली जाते. दोन सेकंदांनी चाक त्या पत्त्यावर जाऊन उभं राहतं.

बरं, उलटं करावं? आधी गडी रद्द, मग टायमर? तर त्या दोहोंच्या मध्ये टायमर वाजतो आणि गड्याला पुन्हा उठवतो. रात्रीचे दोन राखणदार एकमेकांना उठवायला नेमलेले असले की त्यांना झोपवायचं कसं? एकाला झोपवलं तर दुसरा उठवतो.

हे रोज का घडत नव्हतं त्याचा हिशेब भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. गड्याचं काम साधारण ५० मिलिसेकंद चालायचं. दोन सेकंदांत ५० मिलिसेकंद म्हणजे चाळीसांत एक. केबल त्या चाळीसाव्या भागात उपसली गेली तरच घात. मुलगा मशीन धुवायचा तेव्हा केबल काढायचा: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला दोन वेळा, चाळीस वेळा म्हणजे वीस दिवस. कागदावर वीस आला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो. ‘हाताळण्यात चूक’ म्हणजे मुलगा मशीन स्वच्छ ठेवत होता ती! आणि गर्दीच्या वेळीच का? तर नमुन्यांच्या धारेत मशीनचं तोंड चिकट झालं की तो मध्येच केबल काढून पुसायचा.

केबल काढल्याबरोबर डबी गोठली असती तर लहान पोरानंही कारण ओळखलं असतं. पण ती गोठायची दोन सेकंदांनी, मुलाचा हात वजनकाट्यावर गेल्यावर. पाहणाऱ्याला वाटणार, यानं काट्याला काहीतरी केलं.

हा दोष एका कंपनीचा असता तर मी यावर लेख लिहिला नसता. स्टीव्हन रोस्टेड हे लिनक्सच्या जुन्या जाणत्यांपैकी. ते गूगलमध्ये असताना, एप्रिल २०२२ मध्ये, त्यांनी या दुखण्यावरच्या औषधाचा पहिला मसुदा मांडला. इतर कामांत तो मागे पडला. पुन्हा हाती घेतला तेव्हा त्यांनी कारण सांगितलं ते असं, की लोकांच्या हातातल्या यंत्रांवरून त्यांच्याकडे कोसळण्याच्या ज्या नोंदी येत होत्या त्यांत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्या नोंदींवरून गुन्हेगार कोण ते समजत नव्हतं. डेअरीच्या ओट्यावर जे घडलं तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. चालू टायमर असलेली खोली सोडली तर ओरडणारा एक पहारेकरी थॉमस ग्लाइक्सनर यांनी २००८ मध्येच लिनक्समध्ये बसवला होता. पण तो प्रत्येक टायमरची खानेसुमारी ठेवतो, त्यामुळे यंत्र मंदावतं. प्रयोगशाळेत चालतो, लोकांच्या हातात द्यायच्या यंत्रात कुणी ठेवत नाही.

तोवर लिनक्सकडे टायमर काढायच्या दोन रीती होत्या. ‘डेल टायमर’ म्हणजे चाकातून पत्ता काढून टाकणे. पण आजच्या यंत्रात चार-आठ प्रोसेसर एकदम चालतात. तुम्ही इकडे पत्ता काढताय तोवर तिकडे दुसऱ्या प्रोसेसरनं चिठ्ठी उचलून काम सुरूही केलेलं असतं. म्हणून दुसरी रीत, ‘डेल टायमर सिंक’: पत्ता काढा, आणि काम चालू असेल तर ते संपेपर्यंत दारात थांबा. ही पुष्कळ सुरक्षित. तरी तिच्या माहितीपत्रकात एक अट होतीच, की टायमर पुन्हा कुणी लावणार नाही याची काळजी बोलावणाऱ्यानं घ्यावी. म्हणजे दोन्ही रीती ‘निंतैति’पर्यंतच पोचत होत्या. ‘मुगदैति’ कुणाच्याच हातात नव्हतं.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्लाइक्सनर यांनी रोस्टेड यांचं काम पुढे नेऊन तिसरी रीत बसवली. नावावर बराच खल झाला, शेवटी ठरलं ‘टायमर शटडाउन’, आणि दारात थांबणारी ती ‘टायमर शटडाउन सिंक’. हिची युक्ती इतकी साधी आहे की हसू येतं. चिठ्ठीवर ‘कोणतं काम करायचं’ हा जो रकाना असतो तो ती कोरा करून टाकते. त्यानंतर कुणीही तो टायमर लावायला आला की कर्नेल आधी रकाना बघतो, कोरा दिसला तर टायमर लावतच नाही. ओरड नाही, इशारा नाही, मुकाट्यानं दुर्लक्ष. कारण सवयीनं आलेल्या गड्याचा काही अपराध नाही, घर आवरताना असं होणारच. फ्यूज खिशात आहेत. बटण कितीही दाबा.

आता ते दोन राखणदार झोपतात. आधी टायमर शटडाउन सिंक. गडी कामात असेल तर असो, त्यानं लावलेला टायमर लागणारच नाही. मग गड्याचं काम रद्द करून त्याला निरोप द्या. मग खोली सोडा. क्रम मात्र हाच. कर्नेलच्या माहितीपत्रकात हा क्रम उदाहरणासह दिलेला आहे.

मी भाच्याला विचारलं, की मग जुन्या दोन रीती काढूनच का टाकल्या नाहीत? तो म्हणाला, पुष्कळ ठिकाणी टायमर खरोखरच तात्पुरता थांबवायचा असतो. पोच आली, टायमर काढला. पुढची माहिती पाठवली, पुन्हा लावला. सगळीकडे रकाना कोरा करत सुटलं तर सगळंच मुकं होईल. रोज संध्याकाळी मोटर बंद करताना कुणी फ्यूज उपसत नाही. आणि शटडाउन केलेला टायमर पुन्हा हवाच असेल, तर चिठ्ठी पहिल्यापासून नव्यानं मांडावी लागते. मला हे आवडलं. कायमचं संपवलेलं परत सुरू करायचं तर मुहूर्तापासून सुरुवात!

एक खोडी मात्र तिसऱ्या रीतीतही राहते, आणि ती सगळ्या ‘दारात थांबणाऱ्या’ रीतींची आहे. तुमच्या हातात एक कुलूप आहे. आतल्या माणसाला बाहेर पडायला तेच कुलूप उघडं हवंय. तुम्ही ते घट्ट धरून दारात त्याची वाट बघत उभे राहिलात, तर तो बाहेर येणार नाही आणि तुम्ही हलणार नाही. यंत्र कोसळत नाही, पण जागच्या जागी गोठतं, जे दिसायला तितकंच वाईट. म्हणून थांबण्याआधी कुलूप सोडायचं. यावर यंत्र आपणहून काही करू शकत नाही, लिहिणाऱ्यानंच बघायला हवं.

नवी रीत आली तरी जुने हजारो ड्रायव्हर कोण बदलणार? इथं फ्रान्सचं एक अवजार कामी आलं. ज्यूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं कॉक्सिनेल. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा, जो आपल्या भाजीवरचा मावा खातो. संगणकातल्या चुकांना इंग्रजीत किडेच म्हणतात, तेव्हा नाव चपखल आहे. ‘टायमर काढला आणि लगेच पुढे खोली सोडली’ असा नमुना दिसेल तिथं नवी रीत घाल, एवढं त्याला सांगितलं आणि त्यानं सगळा कर्नेल चाळून काढला. हा बदल टोरवाल्ड्स यांनी २०२२ च्या नाताळच्या दिवशी निघालेल्या पहिल्या चाचणी आवृत्तीत घेतला. पक्की आवृत्ती ६.२ बाहेर पडली १९ फेब्रुवारी २०२३ ला. तारखेप्रमाणे शिवजयंती! बेळगावकर म्हणतील आमची मिरवणूक वैशाखात, ते खरंच आहे. पुढे २०२५ मध्ये आवृत्ती ६.१५ पासून ‘डेल टायमर’ ही जुनी नावंही गेली. ते आता ‘टायमर डिलीट’ झाले आहेत, म्हणजे तिन्ही रीतींची नावं एका वळणाची झाली. जुनी पुस्तकं वाचून शिकणाऱ्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं.

डेअरीच्या डबीतला कर्नेल ६.२ च्या आधीचा होता. त्यामुळे तिसरी रीत तिथं नव्हती. भाच्यानं कंपनीला जे कळवलं ते जुन्या काळचं गावठी औषध: ड्रायव्हरच्या खोलीत एक झेंडा ठेवा, ‘घर आवरतंय’ म्हणून. गड्यानं टायमर लावण्याआधी कुलूप घ्यावं, झेंडा बघावा, वर असेल तर टायमर न लावता परत फिरावं. आवरणाऱ्यानं कुलूप घेऊन झेंडा वर करावा, कुलूप सोडावं, आणि मगच टायमर, गडी, खोली या क्रमानं जावं. काम होतं. पण असा झेंडा प्रत्येक ड्रायव्हरनं आपापला शिवायचा म्हणजे शंभरांतले दहा तरी तो उलटा शिवणार. एका जागी, सगळ्यांसाठी, एकदाच नीट केलेलं काम किती मोलाचं असतं ते इथं कळतं.

कंपनीनं दुरुस्ती पाठवली. पत्रात कारण लिहिलं नाही, ‘कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढंच. भाचा त्यावर कन्नडमध्ये जे बोलला ते कुटुंबाच्या पानावर छापता येणार नाही. मग त्यानंच मराठीत आणि कन्नडमध्ये एक पानभर कागद लिहिला, वीस दिवसांच्या हिशेबासकट, आणि डेअरीच्या सचिवांना नेऊन दिला. सचिवांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि ओट्यावर सगळे जमलेले असताना मोठ्यानं वाचून दाखवला. आधी कन्नड भाग, मग मराठी. ज्या गृहस्थांनी लिटर कुणाच्या खात्यावर जातात असं विचारलं होतं ते त्या दिवशीही रांगेत होते. ते काही बोलले नाहीत, कॅनचं झाकण मात्र बराच वेळ पुसत राहिले, असं मला दुसऱ्यानं सांगितलं. मुलाला परत बोलावणं गेलं. तो आला नाही. त्याला तोवर उद्यमबागेत काम लागलं होतं. राहिलेला पगार तेवढा घेऊन गेला.

कॉक्सिनेलनं उघड दिसणारी ठिकाणं बदलली, पण टायमर एका फायलीत काढायचा आणि खोली दुसऱ्याच फायलीत सोडायची, असे ड्रायव्हरही आहेत. शिवाय कंपन्यांनी आपापल्या घरी लिहिलेले ड्रायव्हर कर्नेलच्या झाडात नसतातच, ढालकिडा तिथवर पोचणार कसा? ते माणसानंच ओळीओळीनं वाचायचे. भाच्याच्या कंपनीत सध्या हेच काम चालू आहे. त्याच्या यादीत चार राहिलेत. त्यांतल्या एकात म्हणे टायमर दोन आहेत, गडी एक, आणि तिघंही एकमेकांना उठवतात. गणपतीला येईल तेव्हा विचारीन, झोपले का म्हणून.